दारावरचे चार दगड

“आजी, तिथून उठा जरा.”

“का? पायरी तुझ्या बापाची आहे का?”

“तसं नाही, पण वरून—”

“आणि आजी कुणाला म्हणतोस? सकाळी आरशात बघितलंस का?”

रांगेतली माणसं हसली. मिस्त्री हसला नाही. त्याच्या हातात वेळूची लांब काठी होती आणि काठीच्या टोकाला सुतळीने बांधलेला लाकडाचा ठोकळा होता. साडेसात वाजले होते. दवाखाना नऊला उघडायचा, पण नंबर लावायला माणसं सहापासून येऊन बसत. नव्या इमारतीच्या दारासमोर तीन रुंद पायऱ्या होत्या, त्यांच्यावर सकाळी सावली असायची. त्यामुळे सगळे तिथेच दाटीवाटीने बसले होते.

“पुढे घुसायची ही नवीन युक्ती निघालीय,” एकजण म्हणाला. त्याच्या पायाला प्लास्टर होतं. “काका, मागे जा. इथे सगळे आजारीच आहेत.”

“मला नंबर नको,” मिस्त्री म्हणाला. “दारावरचा दगड सुटलाय. पडेल. पंधरा किलोचा आहे.”

हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की आधी कुणाला ते खरं वाटलं नाही. मग सगळ्यांनी वर बघितलं. वर काय दिसणार? तळापासून गच्चीपर्यंत करड्या दगडाने मढवलेली भिंत. सांधे दोरी लावल्यासारखे सरळ. कुठे डाग नाही, भेग नाही.

“चांगली तर आहे,” आजी म्हणाली. पण बोलता बोलता तिने पिशवी उचलली आणि ती एक पायरी खाली सरकली.

मिस्त्री काल संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला इथे आला होता. जुना दवाखाना बंद होऊन या इमारतीत आल्याला आठवडाही झाला नव्हता. गेले चार महिने त्याने ही गल्ली टाळली होती. बाजाराला जायचं तरी तो लांबून वळसा घालून जायचा. काल मात्र इलाज नव्हता. पायरीवर त्याला चिमूटभर पांढरी पूड दिसली. दुसऱ्या कुणाला ती धूळ वाटली असती. त्याने मान वर केली. दारावरच्या ओळीत सात दगड, डावीकडून चौथ्या दगडाची खालची कड नखभर पुढे आलेली. चाळीस वर्षं भिंती मढवलेल्या माणसाला नखभर पुष्कळ झालं.

ती भिंत त्यानेच मढवली होती.

वॉचमन चहाचा पेला हातात धरूनच आला. “मिस्त्री, तुम्हीच लावलेत ना हे दगड?”

“म्हणून तर सांगतोय.”

“अहो, स्वतःच्या कामाला स्वतःच नावं ठेवणारा पहिलाच माणूस बघितला.”

“ऐक,” मिस्त्री म्हणाला. त्याने काठी उंच केली आणि ठोकळ्याने पहिल्या दगडावर हलकेच मारलं. टक. दुसऱ्यावर. टक. तिसऱ्यावरही तसाच भरीव आवाज. मग चौथ्यावर. ढब.

रिकाम्या डब्यावर मारावं तसा तो आवाज आला. वॉचमनने पेला खाली ठेवला. पाचवा, सहावा, सातवा, तिन्ही तसेच. सातव्यावर मारलं तेव्हा चौथ्याच्या खालून बारीक खडी झरझर पायरीवर सांडली.

आता कुणालाही सांगावं लागलं नाही. पायऱ्या रिकाम्या झाल्या. प्लास्टरवाला सगळ्यांत आधी रस्त्याच्या पलीकडे पोचला होता.

मोठ्या सिस्टर आठला आल्या. त्यांनी आवाज ऐकला, खडी बघितली आणि पर्स वॉचमनकडे दिली. “मागच्या दाराने पेशंट घेऊ. ते औषधांच्या खोलीतून जातं, तिथून कुणाला न्यायचं नाही असा नियम आहे. नियमाचं मी बघते. पण नऊनंतर दीडशे माणसं येतात, मिस्त्री. पोरंबाळं असतात. किती जणांना मी या दारापासून लांब ठेवू?”

“आत्ता उतरवला तर तासाभराचं काम आहे.”

“मग उतरवा.”

“एकट्याने नाही उतरत. खाली धरायला जाणता माणूस लागतो.”

“आणि मलाही ठेकेदाराची सही लागते. इमारतीला हात लावायचा तर तो इथे हवा. बोलवा त्यांना.” मग त्यांनी वॉचमनला पुठ्ठा आणायला सांगितला. “दारावर सूचना लावू. काय लिहू? क्लॅडिंग सुटलंय?”

“क्लॅडिंग कुणाला कळणार?” मिस्त्री म्हणाला. “मढवलेला दगड सुटलाय, असं लिहा.”

“मढवलेला लिहू नका,” वॉचमन म्हणाला. “लोकांना वाटेल सोनं आहे. लांब राहायचे ते जवळ येऊन बघतील.”

सिस्टरनी शेवटी लिहिलं, ‘वरून दगड पडेल. या दाराने येऊ नये.’

मिस्त्री रस्त्याच्या कडेला गेला. त्याने फोन काढला आणि नुसता हातात धरून ठेवला.

ठेकेदार म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. कामावर सगळे त्याला शेठ म्हणत, मिस्त्रीही म्हणे. बायको मात्र त्याला लहानपणापासून ढब्बू म्हणायची. मोठेपणी तो वाळून काठीसारखा झाला, तरी नाव गेलं नाही. ती गेल्यावर त्या नावाने त्याला हाक मारणारं कुणी उरलं नाही. आज या माणसाला बोलवायचं म्हणजे तो विचारणार, हीच ओळ का सुटली? आणि त्याचं उत्तर मिस्त्रीने चार महिने पोटात ठेवलं होतं. त्याला सांगितलं नव्हतं, पोटच्या पोरीलाही नाही.

बायकोचा धंदाही मढवायचाच. फर्निचरवाल्याकडून खुर्च्यांच्या बैठका यायच्या. ती त्या घरी बसून कापडाने मढवायची. शिंप्यासाठी बटणं मढवायची, एकेका दिवसात शंभर शंभर. तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून बोलायची, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं त्याला अंदाजानेच कळायचं. एक मात्र ती चुका काढून, नीट सांगायची, “वरचं कापड दोन दिवस फसवतं. बसणाऱ्याला आतलंच कळतं.” आणि स्वतःच्या घराच्या भिंतीला गिलावासुद्धा धड नव्हता, त्यावरून टोमणा ठरलेला, “लोकांच्या भिंती मढवा तुम्ही. आमची विटांशी ओळख झालीय आता.”

तिच्या आजारात ढब्बूने दोनदा असाच फोन केला होता. भाऊजी, लगेच या. दोन्ही वेळा मिस्त्री हातातली थापी टाकून धावत सुटला. दोन्ही वेळा ती उशीला टेकून चहा पीत होती. दुसऱ्या वेळी तर त्याच्या सिमेंटच्या हातांकडे बघून म्हणाली, “आलात? अहो, एवढ्यात नाही जात मी. हात तरी धुवायचे.”

तिसरा फोन आला तेव्हा तो याच दारावर परांचीवर उभा होता. ओळीतले तीन दगड लावून झाले होते, चार राहिले होते. घमेल्यात चार दगडांपुरता कालवलेला सिमेंटचा माल होता. त्याने फोनवर सांगितलं, निघालो. फोन खिशात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नसतं. भानावर आला तेव्हा माल घट्ट होत आला होता. अशा मालाला गवंडी मेलेला माल म्हणतात. तो टाकून द्यायचा असतो. वरून पाणी शिंपडून तो मऊ होतो, हाताला ताजा लागतो, पण धरत नाही. हाताखालच्या माणसांची अशी घमेली मिस्त्रीने आयुष्यभर लाथेने उपडी केली होती. त्या दिवशी त्याने स्वतः पाणी शिंपडलं, माल पुन्हा कालवला आणि चारही दगड लावले. मग तो गेला. पोचला तेव्हा तिच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

लावलेला प्रत्येक दगड दुसऱ्या दिवशी ठोकून बघायचा, ही त्याची रीत. ती ओळ तेवढी ठोकायची राहिली. तो परत कामावर आला तेव्हा परांची उतरली होती.

त्याने फोन लावला. “दवाखान्यावर ये,” एवढंच म्हणाला. “परांचीचं सामान घेऊन ये. आत्ता.”

ठेकेदार टेम्पो घेऊन आला तेव्हा पावणेनऊ झाले होते. रस्त्यापलीकडे साठसत्तर माणसं जमली होती. वॉचमन त्यांना हातवारे करून मागच्या दाराकडे लावत होता, आणि तरी दर दोन मिनिटांनी कुणीतरी सवयीने पायऱ्यांकडे वळतच होतं.

“काय झालं भाऊजी? सिस्टरना काय सांगितलंत तुम्ही?”

मिस्त्रीने काठी घेतली आणि सातही दगड ठोकून दाखवले. ठेकेदार ऐकत राहिला. त्याला आवाज समजायला वेळ लागला नाही. तोही याच कामातून वर आला होता.

“दगडाचा लॉट खराब असणार,” तो म्हणाला. “पाठीला भुकटी असेल. दुकानदाराला आत्ता फोन लावतो, उद्या त्याचा माणूस बघून जाईल. तोवर दोरी बांधून ठेवू.”

“लॉट चांगला आहे.”

“तुम्हाला काय माहीत?”

“तोच दगड गच्चीपर्यंत लावलाय. कुठेही ठोकून बघ.”

“भाऊजी, हळू बोला.” ठेकेदाराने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. “लॉट खराब म्हटलं की तुमच्यावर काही येत नाही, माझ्यावर येत नाही. माणूस येऊन बघेपर्यंत हात लावायचा नाही, एवढंच.”

“उद्यापर्यंत तो राहणार नाही.”

“हे तुम्ही कशावरून म्हणता?”

मिस्त्रीने वर बघितलं. चौथ्या दगडाची कड कालच्यापेक्षा पुढे आली होती का? उन्हात नीट कळत नव्हतं. कडेवर पोर घेतलेली एक बाई सूचना न वाचताच पायरी चढत होती. वॉचमन ओरडत तिच्यामागे धावला.

“माल मेलेला होता,” मिस्त्री म्हणाला.

“काय?”

“पाणी शिंपडून लावला मी. या चार दगडांना.”

“तुम्ही?” ठेकेदाराला हसूच आलं. “तुम्ही मेलेला माल लावला? भाऊजी, अहो, मला तुम्ही त्यासाठी कानफटात मारली होती. सतरा वर्षांचा होतो मी.”

“त्या दिवशीचे दगड आहेत हे.”

“कुठल्या दिवशीचे?”

ठेकेदाराच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं.

“तुझा फोन आला तेव्हा मी इथे वर होतो,” मिस्त्री म्हणाला. “निघालो म्हणालो तुला. निघालो नव्हतो.”

पलीकडे कुणीतरी खोकत होतं. सिस्टर मागच्या दाराशी नंबर पुकारत होत्या. अकरा. बारा.

“का?” ठेकेदाराने विचारलं.

“आधी दोनदा धावत आलो, तेव्हा ती बरी होती. वाटलं, याही वेळी तसंच असेल.” त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, “हे खरंय. पण नुसतं तेवढंच नाही. भीती वाटली. दगड लावत राहिलो तर तिकडे काही होणार नाही, असं काहीतरी वाटलं.”

ठेकेदार वर ओळीकडे बघत होता. “चार दगड.”

“चार.”

“एका दगडाला तुम्हाला दहा मिनिटं लागतात.”

“त्या दिवशी जास्त लागली.”

“ती फोननंतर अर्धा तास होती, भाऊजी.”

हे मिस्त्रीला माहीत नव्हतं. त्याने धरून ठेवलं होतं की फोन आला तेव्हाच सगळं संपलं होतं. उशीर झाला, पण धावला असता तरी उशीरच झाला असता. या एका समजुतीवर त्याने चार महिने काढले होते. पोरगी म्हणाली होती, आईचा फोटो मढवून आणा. तेही त्याने केलं नव्हतं. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची आपली हिंमत नव्हती, हे त्याला आत्ता उन्हात उभं राहून कळलं. तो काठीला धरून उभा राहिला.

“दोनदा विचारलं तिने,” ठेकेदार म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. “दोन्ही वेळा मी म्हणालो, निघालेत. वाटेत असतील. मी तिच्याशी खोटं बोललो, भाऊजी, आणि मला माहीतच नव्हतं.”

वरून टिक असा आवाज आला. दाताखाली खडा यावा एवढाच. दोघांनी एकदम मान वर केली. चौथ्या दगडाच्या वरच्या सांध्यात काळी रेघ उघडली होती.

“परांची!” ठेकेदार ओरडला.

टेम्पोतून लोखंडी घोडे उतरले, त्यांच्यावर फळ्या पडल्या. ठेकेदाराची माणसं वर चढायला निघाली, त्यांना त्याने हाताने मागे सारलं. “तुम्ही लांब व्हा. आम्ही दोघं.” त्याने चपला काढल्या आणि तो वर चढला. त्याच्यामागून मिस्त्री चढला.

“मी खालून धरतो,” ठेकेदार म्हणाला.

“खालून मी धरतो. तू वरून छिन्नी सरकव.”

“तुमचं वय बघा.”

“दगड माझा आहे.”

ठेकेदाराने छिन्नी सांध्यात घातली. मिस्त्रीने दोन्ही तळवे दगडाखाली लावले, छाती दगडाला टेकवली.

“धरलंय?”

“धरलंय.”

“सोडू?”

“सोड.”

हातोडा मारावाच लागला नाही. छिन्नी जरा वळवली तसा दगड भिंतीपासून सुटून मिस्त्रीच्या छातीवर आला. दोघांनी तो वळवून फळीवर टेकवला. दगडाची पाठ घासून धुतलेल्या ताटासारखी स्वच्छ होती. सिमेंटचा एक कण तिला चिकटला नव्हता. भिंतीवर मालाचा सुकलेला थर राहिला होता आणि त्याच्यावर थापीचे फराटे जसेच्या तसे उमटलेले होते. घाईचे, वाकडेतिकडे फराटे. ठेकेदाराने ते बघितले. बोट लावलं तशी भुकटी पडली.

पाचवाही तसाच आला. दोघांमध्ये तेवढेच शब्द. धरलंय? धरलंय. सोड. पलीकडची गर्दी आता मागच्या दाराकडे जायचं विसरून बघत उभी होती. आजी सर्वांत पुढे होती.

सहावा सुटताना सातव्याला घेऊनच सुटला.

दोन दगडांचा भार एकदम आला. मिस्त्रीने सहावा छातीवर झेलला, पण सातवा फळीच्या कडेवर आपटून कलला. त्याच्याखाली घोड्याच्या दांडीवर ठेकेदाराचा हात होता.

“ढब्बू, हात!”

ठेकेदाराने हात ओढला. दगड दांडीवर आदळला, दोन तुकडे झाले आणि ते पायरीवर पडले. मधल्या पायरीवर, बरोबर जिथे सकाळी आजी बसली होती. पायरीचा टवका उडाला. गर्दीतलं कुठलंसं पोर रडायला लागलं.

वर दोघं तसेच उभे होते. मिस्त्रीच्या छातीला सहावा दगड टेकलेला होता. ठेकेदाराने पुढे होऊन दगडाची दुसरी बाजू धरली. दगड फळीवर टेकवून झाला तरी त्याने लगेच सोडला नाही. खाली मान घालून तसाच धरून राहिला. त्याचे खांदे हलत होते. मिस्त्रीने त्याला हात लावला नाही. तेवढा हक्क आता आपल्याला उरलाय की नाही, हे त्याला ठरवता येईना.

पहिले तीन दगड त्यांनी पहार लावून ओढून बघितले. ते हलले नाहीत.

सिस्टर पायरीशी आल्या. त्यांनी तुकड्यांकडे बघितलं, मग वर. “दार कधी उघडू?”

“साफ करून लगेच उघडा,” ठेकेदार म्हणाला. “आता वरून काही पडत नाही.” त्याने त्यांच्या कागदावर सही केली. कारणाच्या जागी काय लिहायचं म्हणून सिस्टरनी विचारलं. तो मिस्त्रीकडे न बघता म्हणाला, “माल मेलेला होता. तसंच लिहा.”

“कोणाच्या हातून?”

“माझ्या,” मिस्त्री म्हणाला.

त्यांनी तसंच लिहिलं.

ठेकेदाराने चपला घातल्या. टेम्पोपर्यंत गेला, दार उघडलं, आणि दारावर हात ठेवूनच म्हणाला, “उद्या सातला येतो. माल मी कालवतो.” मिस्त्रीने मान हलवली. परांची तशीच ठेवून टेम्पो गेला.

पायऱ्या झाडल्या गेल्या, दार उघडलं. माणसं आत जाऊ लागली. आजी दारात थांबली आणि वर बघून म्हणाली, “उघडं पडलं की हो सगळं.” मग आपला नंबर चुकेल म्हणून लगबगीने आत गेली.

दुपारी दवाखान्याचं दार बंद झाल्यावर मिस्त्री पुन्हा परांचीवर चढला. त्याने छिन्नीने जुना माल खरवडून काढला, अगदी विटेपर्यंत. मग बादली आणि तांब्या घेऊन तो भिंतीवर पाणी मारायला लागला. नवा माल लावायच्या आधी भिंतीला पाणी पाजावं लागतं. कोरडी भिंत मालातलंच पाणी ओढून घेते. पहिला तांब्या विटांनी चर्र आवाज करत शोषून घेतला आणि भिंत लगेच कोरडी दिसायला लागली. दुसराही तसाच गेला. चौथा, पाचवा. बादली संपली. भिंत अजून पाणी मागत होती. तो बादली घेऊन उतरला, नळावर गेला आणि भरून परत आला.